मी पडलो नव्हतो, उतरलो होतो

२००६ साल. मी सदुसष्ट वर्षांचा होतो, म्हणजे फौजेच्या कागदाप्रमाणे. भरतीच्या दिवशी मी उंचीत बसलो, छातीत बसलो, फक्त वयात बसेना. तिथल्या हवालदारानं एक वर्ष पदरचं टाकलं. ते वर्ष मी अजून वापरून राह्यलो, परत कोणी मागितलं नाही.

त्या साली कापसानं भल्याभल्यांची जिरवली होती. बियाण्याच्या पिशवीवरचं चित्र तेवढं झ्याक होतं. भाव असा, की माल घरात ठेवला तर उंदीर खाणार आणि बाजारात नेला तर व्यापारी. पुसदच्या खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग पार डांबरी सडकेपर्यंत आली होती. माझी बैलगाडी तिसऱ्या दिवशीही फाटकाबाहेरच. ग्रेडर यायचा, गाडीतून मूठभर कापूस काढायचा, म्हैस घमेलं हुंगते तसा हुंगायचा आणि म्हणायचा, "ओला हाय." मी त्याला म्हटलं, "साहेब, तीन दिवस झाले, मीच वाळून गेलो, कापूस कुठून ओला राहीन?" त्यानं माझी गाडी आणखी मागं लावली. चूक माझीच. पण तोंड माझं असंच आहे.

बैल चाकाला बांधून मी सडकेपलीकडे चहा घेत होतो. पाहतो तर एक म्हातारा माझ्या बैलाच्या दोरीशी वाकून काहीतरी करून राह्यला. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, पायात पॉलिशचे बूट. कचेरीतला माणूस बैलाजवळ कशाला जाईल?

"ओ साहेब!" मी ओरडलो. "बैल हाय तो, सायकल नोहे!"

त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. दोरीचं मोकळं टोक चिमटीत धरलं आणि एक झटका दिला. सगळी गाठ भसकन सुटली. बैलानं मान हलवली, आणि म्हाताऱ्यानं ती गाठ जशीच्या तशी पुन्हा बांधली. मग म्हणाला, "ही पागेतली गाठ आहे. घोडे बिथरले, आग लागली, तर एका झटक्यात सुटावी म्हणून शिकवतात. आणि तिचं शेपूट डाव्या अंगाला सोडणारा हरामखोर मी जन्मात एकच पाहिला."

माझ्या हातातला चहा धोतरावर सांडला.

घोडदळात तो माझा जोडीदार होता. सहा वर्षं. त्याचा घोडा माझ्या घोड्याशेजारी, त्याची खाट माझ्या खाटेशेजारी. फौज सुटल्यावर तो पुसदात आला, मी माझ्या तांड्यात आलो. मधे एसटीनं तासाभराची वाट. एवढ्या अंतरावर राहून तीस वर्षं भेट नाही, याला नशीब म्हणत नाहीत, याला मेहनत लागते. ती मेहनत मी घेतली होती. पुसदला आलो की त्याच्या गल्लीला वळसा घालून जायचो. एकदा बाजारात त्याची पाठ दिसली तर मी गाढवांच्या मागं उभा राहिलो. बराच वेळ उभा राहिलो, गाढवंच कंटाळून निघून गेली.

"काहून बे," तो म्हणाला, "मेलास की काय म्हणून मी दोनदा चौकशी केली. लोक म्हणे, जिवंत हाय, अन् कोणाचं ऐकत नाई. म्हटलं, मग तोच."

"कामात होतो," मी म्हटलं.

"तीस वर्षं?"

"काम मोठं होतं."

तो हसला. हसताना त्याचा खालचा ओठ तसाच एका बाजूला गेला. मग त्यानं सांगितलं, की आपला नालबंदही सापडला आहे. नालबंद म्हणजे घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणारा. हा आमचा नालबंद फौजेनंतर राजूरच्या कोळशाच्या खाणीवर फाटकाचा चौकीदार झाला होता. आता त्याला कानानं कमी ऐकू येत होतं, म्हणून सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असं समजून ओरडून बोलायचा. दोघांचं ठरलं होतं, एकदा तिघांनी बसायचं.

"रविवारी तुझ्या तांड्यात येतो," जोडीदार म्हणाला. त्यानं विचारलं नाही, सांगितलं.

मी म्हटलं, "ये ना बे. भेतो का मी?"

भीत होतो. काहून ते सांगतो.

आमच्या तांड्यात मला कोणी नावानं हाक मारत नाही. फौजी म्हणतात. लग्नात, पंचायतीत, होळीला, कुठंही बसलो की पोरं-म्हातारे कोणी ना कोणी विषय काढतात, आणि मी सांगतो की एवढी वर्षं घोड्यावर बसलो, पण कधी पडलो नाही. एकदाही नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलं आहे, की माझ्या बायकोला ते माझ्यापेक्षा चांगलं सांगता येतं. मला खोकला आला तर पुढचं ती सांगते.

आता खरं काय झालं ते.

घोड्याच्या पोटाखालून एक पट्टा जातो. त्याला तंग म्हणतात. खोगीर त्याच्यावर टिकतं. घोडा हुशार असेल तर तंग आवळताना श्वास भरून पोट फुगवतो. तुम्ही आवळता, वाटतं घट्ट बसला. दहा पावलं गेला की तो श्वास सोडतो आणि तंग चार बोटं ढिला. म्हणून रिवाज असा, की एकदा आवळायचा, घोडा थोडा फिरवायचा, पुन्हा आवळायचा. आणि मग जोडीदारानं येऊन तंगाखाली बोटं घालून पाहायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "ठीक." एकदा त्यानं ठीक म्हटलं की त्या तंगाचा जिम्मेदार तो.

माझा घोडा तांबडा होता. अंगानं देखणा, स्वभावानं मामलेदार. फुगण्यात त्याचा हात कोणी धरला नसता.

एका मोठ्या साहेबाची परेड होती. मी तंग आवळला. जोडीदार आला. त्या महिन्यातच त्याच्या बाहीवर पहिली फीत चढली होती. बाही जरा पुढं काढूनच चालायचा. म्हणाला, "फिरव घोडा. मग बोटं घालतो."

मला ती फीत खुपत होती, हेही सांगून टाकतो. मी म्हटलं, "तू मले शिकवतं? अबे, आमचे आजे-पणजे हजार-हजार बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूख फिरले. लदेणी म्हणत त्याले. एक गोणी कधी सरकली नाई. तुये आजे-पणजे काय बांधत होते? कागदाचे गठ्ठे. लाल फितीनं."

रांगेतले सगळे हसले. त्याच्या घरी खरंच तसंच होतं. बाप कोर्टात, चुलता कचेरीत, थोरला भाऊ तहसिलीत. तो एकटा घरच्यांशी भांडून घोड्यांमध्ये आला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं, रागानं लाल झाला, आणि बोट न घालता ओरडला, "ठीक!"

पुढचं काय सांगू? सलामीच्या जागेसमोर, मोठ्या साहेबाच्या ऐन नाकापुढं, तांबड्यानं श्वास सोडला. खोगीर फिरलं. मी खोगिरासकट त्याच्या पोटाखाली गेलो आणि तिथून जमिनीवर. पगडी एकीकडं, मी एकीकडं. तांबडा मात्र माझ्याशिवाय बरोबर रांगेत चालत राहिला, सलामीसुद्धा चुकवली नाही.

रिसालदार साहेब आले. "गिर गया?"

मी धूळ झाडत म्हटलं, "नहीं साहब. उतर गया."

ते माझ्या तोंडून निघून गेलं, आणि एकदा निघालं की मी शब्द मागं घेत नाही. त्यानंतर आमच्या रिसाल्यात जो कोणी पडे, त्याला म्हणायचे, उतर गया. मी फौज सोडली तेव्हाही म्हणत होते.

इथपर्यंत हसण्यासारखं आहे. पण रिसालदार साहेबांनी पुढं विचारलं, "तंग किसने देखा?"

जोडीदार एक पाऊल पुढं आला. "मैंने देखा, साहब. ठीक बोला."

तो सांगू शकला असता, की यानं मला बोट लावू दिलं नाही. सांगितलं असतं तर माझं नाव नेजाबाजीच्या टोळीतून गेलं असतं. भाला घेऊन भरधाव घोड्यावरून जमिनीतली मेख उचलायची, तो खेळ. टोळी दिल्लीला जाणार होती. माझं नाव लागलंच होतं. मी एक पाऊल पुढं आलो नाही. त्याची फीत गेली. मी दिल्लीला गेलो. पुढं मुदत संपल्यावर तो घरी आला, तेव्हाही साधा सवारच होता.

बेचाळीस वर्षं झाली होती त्याला.

शनिवारी गाडी एकदाची खाली करून मी घरी आलो, आणि रविवारी सकाळीच एक पांढरी मोटार तांड्यात शिरली. जोडीदाराची मुलगी चालवत होती. चाळिशीची असेल, बँकेत कामाला. मागं नालबंद, खिडकीबाहेर हात काढून सगळ्यांना सलाम करत. माझ्या बायकोनं मला पहाटेच आंघोळीला हाकललं होतं. "फौजी, आज तरी दाढी नीट करा. त्यायनं तुमाले जवानीत पायलं हाय, उगीच भेतीन."

नालबंद उतरला तो आधी माझ्या बैलाकडं गेला. बैलाचा पाय उचलून खूर पाहिला आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, "खूर चांगला हाय! मालक कसा हाय?"

"ठीक हाय," मी म्हटलं.

"आँ?"

"ठीक हाय!"

"तुमचं दोघाइचं 'ठीक' मले मालूम हाय!" तो सगळ्या तांड्याला ऐकू जाईल असं म्हणाला. जोडीदारानं खाली पाहून चष्मा पुसायला घेतला.

लिंबाखाली खाटा टाकल्या होत्या. तांड्याचा नायक, म्हणजे आमचा मुखिया आला, आणखी चार-पाच म्हातारे आले. दिल्ली पाहिलेले लोक बोलतात म्हटल्यावर कापूस वेचायच्या वाटेवरल्या बायाही जरा थांबल्या. बायकोनं ज्वारीच्या भाकरी, मटण, आणि पाहुणा बामणाघरचा म्हणून वेगळं वरण केलं होतं. जोडीदारानं मुलीकडं पाहिलं, वरणाकडं पाहिलं, आणि लांब तोंड करून वरण ओढून घेतलं.

नालबंदाला हे सहन झालं नाही. "अबे, फौजेच्या लंगरमधे तर तू हाडंसुदा सोडत नव्हता!"

मुलगी म्हणाली, "बाबा?"

"त्याला ऐकू येत नाही," जोडीदार म्हणाला.

"दिसतं मले!" नालबंद म्हणाला. त्याला सोयीचं तेवढं बरोबर ऐकू येतं, हे तेव्हा कळलं. मुलीनं हसून बापाच्या ताटात दोन तुकडे टाकले. बेचाळीस वर्षांपूर्वी जसा खायचा तसाच मान खाली घालून खाल्ले त्यानं. माझी बायको म्हणाली, "वरण मी म्हशीले घालतो मंग."

मग निघाल्या गोष्टी. रिसालदार साहेबाची पगडी चारा समजून खाणारी घोडी. थंडीत घोड्याला आधी झूल, मग आपल्याला कांबळं. घोड्यानं पाणी पिल्याशिवाय माणसानं चहा प्यायचा नाही. नालबंदानं एका घोड्याचं दुखणं सांगताना स्वतः लंगडून दाखवलं, आणि मग बसताना खरंच लंगडला. मी नेजाबाजी सांगितली. काठी घेऊन दाखवलीसुद्धा. घोडा नव्हता, म्हणून खाटेवर बसून दाखवली.

नायकाला आपल्या तांड्याचा अभिमान दाखवायची हौस आली. तो पाहुण्यांना म्हणाला, "आमचा फौजी एवढ्या वर्षांत एकडाव पडला नाई घोड्यावरून. खरं ना जी?"

मी लिंबाच्या शेंड्याकडं पाहू लागलो.

"आँ?" नालबंद म्हणाला.

नायकानं त्याच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. नालबंद खाटेवरून उठलाच. "हा? हा नाई पडला? अन् तो तांबडा? परेडमधे? घोडा पुढं अन् हा मागं, पगडी अजून तिकडंच असन!"

सगळे माझ्याकडं वळले. बायको हातात भाकर घेऊन उभीच राहिली.

मी म्हटलं, "पडलो नव्हतो. उतरलतो."

जोडीदार इतका हसला, की त्याला ठसका लागला. "वा रे पठ्ठ्या. बेचाळीस वर्षांत एक अक्षर इकडचं तिकडं नाही."

तांड्यातले लोकही हसले, पण जरा जपून, मी चिडतो म्हणून. नायक मात्र जुना माणूस, बैल लादलेला. त्यानं विचारलं, "खोगीर फिरलं म्हनजे पट्टा ढिला होता. पट्टा पायला कोनं?"

आमच्या माणसानं विचारावा असाच सवाल होता. लादणाऱ्याच्या घरात गोणी सरकली तर पहिला सवाल हाच.

मी काही म्हणायच्या आत मुलगी बोलली. "बाबांनी पाहिला होता, ना काका? म्हणूनच त्यांची फीत गेली ना?" मग ती माझ्याकडं सरकून बसली. "मी लहानपणापासून ऐकतेय. मोठे काका म्हणतात, यानं नोकरीत कुचराई केली म्हणून फीत कापली. आमच्या घरात कुणाच्या हातून कामात काही चुकलं, की अजून म्हणतात, ह्याचंही घोडदळ झालं. मी बँकेत पहिल्यांदा चुकले, तेव्हा मलाही म्हणाले. बाबा हसतात फक्त. आता मोठे काका ऐंशीचे झाले. पण बाबांना किती वाटतं, की एकदा तरी मोठ्या भावाला खरं काय ते कळावं. ते म्हणत नाहीत, पण मला कळतं. तुम्ही तर जोडीदार होता. खरंच त्यांनी कुचराई केली का हो?"

असं सरळ विचारलं तिनं. शिकलेल्या लोकांना वाकडं विचारता येतं, ती सरळ विचारत होती. सगळा तांडा ऐकत होता. नायक ऐकत होता. बायको ऐकत होती. दोन शब्दांचं काम होतं.

मी घसा खाकरला. आणि म्हटलं, "त्याचं असं हाय बेटा, घोडा पोट फुगवते."

"म्हणजे?"

"म्हनजे... फुगवते."

जोडीदार माझ्याकडं पाहत होता. त्याचा ओठ एका बाजूला जायला लागला, पण पुरता गेला नाही. मग त्यानंच मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, याला काय विचारतेस? यानं कुठं काय पाहिलं? हा तर तेव्हा उतरत होता."

पुन्हा हशा झाला. नालबंदालाही ऐकू गेलं, तोही हसला. मला सोडवून घेतलं त्यानं. दुसऱ्यांदा. आणि मी सुटलो, माझ्या हातातली काठीही सुटली, ती उचलायला मी वाकलो तो बराच वेळ वाकलेलाच राहिलो.

जायच्या वेळी मोटारीत बसताना जोडीदारानं माझा खांदा दाबला. "चांगलं झालं भेटलास. आता मेलास तरी कळव." मी म्हटलं, "तू आधी." नालबंदानं खिडकीतून ओरडून सांगितलं, की बैलाच्या मागच्या डाव्या खुराला तेल लाव. धूळ उडाली. मुलीनं हात हलवला नाही. तिचं लक्ष रस्त्याकडं असेल.

दिवेलागणीला बायको चुलीपुढं बसली होती. मी बाहेर बाजेवर. आमच्यात भांडण असलं की ती भांडी आपटते. त्या दिवशी एकही भांडं वाजलं नाही. मी वाट पाहून शेवटी म्हटलं, "काय म्हननं हाय?"

"मायं काय म्हननं? मी कधी घोडा पायला?"

"मंग?"

"पट्टा त्यानं पायलाच नव्हता ना?"

मी बाजेची दोरी आवळायला घेतली.

"तुमी पाहू देल्ला नसन. मले तरी कुठं पाहू देता? पोतं शिवलं तरी म्हनता, मी शिवलं, हात लावू नको." तिनं फुंकणीनं चूल फुंकली. डोळ्यात धूर गेला, पदरानं डोळे पुसले, आणि मग हसायला लागली. "मी एवढे वर्सं सगळ्याइले सांगत राह्यलो, माया मानूस कधी पडला नाई. खरंच हाय ते. घोड्यावरून उतरला अन् बेचाळीस वर्सं तिथंच बसून राह्यला. उठला असता तर पडला म्हनलो असतो."

"जास्त बोलू नको," मी म्हटलं.

"बरं. उद्या कापूस वेचाले जायचं हाय, का पुसदले?"

"पुसदले काहून?"

"मले काय मालूम? मी आपलं इचारलं. पहिली एसटी साडेसहाले असते."

मी तिला सांगितलं, की मी कुठं जाणार नाही. मी माफी मागणारा माणूस नाही, आणि गेलेल्या गोष्टी उकरणारा तर नाहीच. हे मी मोठ्यानं सांगितलं. ती हो हो म्हणाली, आणि माझा स्वच्छ सदरा पेटीतून काढून खुंटीला लावून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेसहाच्या एसटीनं पुसदला गेलो. गल्ली माहीत होतीच, तीस वर्षं तिला वळसा घातला होता. दारातून आत गेलो. पडवीत आरामखुर्चीवर जोडीदाराचा थोरला भाऊ पेपर वाचत बसला होता. काटकुळा माणूस, कानावर लोकरीची टोपी, दोन चष्मे, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर.

"कोण आपण?"

मी टाचा जुळवल्या. सवय होती ती, मुद्दाम नाही. म्हटलं, "मी तुमच्या भावाचा घोडदळातला जोडीदार. परेडमधे खोगीर फिरलं ते माझं. तंग मी आवळला होता, ढिला. त्यानं बोट घालून पाहतो म्हटलं, मी पाहू दिलं नाही, वरून सगळ्यांपुढं तुमच्या घराण्याची टिंगल केली. त्यानं माझ्यासाठी खोटं सांगितलं, म्हणून त्याची फीत गेली. कुचराई माझी होती. मी पडलो होतो."

शेवटचे तीन शब्द सगळ्यात मागं राह्यले होते. पण निघाले. तसे बरेच लहान शब्द होते.

थोरल्या भावानं पेपराची घडी केली. कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर आणला, डोळ्यांवरचा खाली ठेवला, आणि माझ्याकडं टाचेपासून पागोट्यापर्यंत पाहिलं. वाटलं, आता ओरडेल. पण तहसिलीतला माणूस. म्हणाला, "हे लेखी द्याल?"

आतून मुलगी दारात आली होती. तिनंच कागद आणि पेन आणून दिलं. मी उंबऱ्यावर बसलो. माझी शाळा तिसरीपर्यंतची, त्यातली दुसरी दोनदा. अक्षर मोठं येतं. एक पान भरलं तेव्हा कुठं तेवढं मावलं. खाली सही केली. थोरल्या भावानं तो कागद हातात घेतला आणि ओळीखाली बोट फिरवत वाचला. मग एकदा मोठ्यानं वाचला, स्वयंपाकघरातल्या माणसांना ऐकू जाईल असा. वाचताना मधेच थांबला आणि पेनाच्या टोपणानं खुर्चीच्या हातावर टकटक करत राहिला. मग पुढचं वाचलं.

तेवढ्यात मागून माझा जोडीदार आला. दाढीला साबण लावलेला, गळ्यात टॉवेल. सगळं ऐकलं असावं त्यानं, कारण अर्ध्या गालाचा साबण वाळून गेला होता. भावाच्या हातातला कागद घेतला, लांब धरून पाहिला, आणि मला परत दिला.

"तारीख टाक. या घरात बिनतारखेचा कागद चालत नाही."

मी म्हटलं, "कोन्ती टाकू? पडलो तवाची का आजची?"

त्यानं साबणाचा गाल टॉवेलनं पुसला. खूप वेळ पुसला.

"दोन्ही टाक," तो म्हणाला.

पहिली मला पाठ होती. दुसरी मुलीला विचारून टाकली.